एकाच पाळीची टीम

५ सप्टेंबर १९९३

पाच-शून्यने हरलो! वापीच्या कंपन्यांच्या फुटबॉल-लीगमध्ये आता आमच्या खाली कोणीच नाही. मॅनेजर जोशीपुरा गाडीत बसता बसता म्हणाले, "जुओ भाई, छेल्लो चान्स." म्हणजे हा शेवटचा चान्स, तळालाच राहिलो तर टीम बंद. आणि टीम बंद म्हणजे खेळावर नोकरीला लागलेली सगळी पोरं घरी. मी साधा पर्सोनेलचा कारकून. एकदा हौसेने शिट्टी वाजवली, तेव्हापासून टीम माझ्या गळ्यात.

११ सप्टेंबर

मुंबईहून दोन फॉरवर्ड आणले. नावाजलेले. बघू.

२० सप्टेंबर

एक पळाला! "धाग्याच्या मशीनवर उभं राहायला आलो नाही," म्हणे. दुसरा आहे, पण पास कोणाला द्यायचा हेच त्याला कळत नाही. नावाला भुललो, दुसरं काय.

२२ सप्टेंबर

खडोलीच्या टपरीवर भगवंत भेटला. आमचा कॅप्टन, धुळ्याचा. विचारलं, बाबा रे, चुकतंय कुठे? चहा संपवून म्हणाला, "साहेब, मैदानात आपला संजू पळून कुठे जाईन, ते मला कसं ठाऊक राहीन? आमची भेटच मॅचला होते."

खरंच की! मॅच असली की ही पोरं दुपारीच निघणार, म्हणून कुठल्याच सुपरवायझरला ती नको असतात. मग थोडी थोडी तिन्ही पाळ्यांत वाटलेली. एक झोपायला जातो तेव्हा दुसरा कामावर येतो. आणि मी मुंबईत खेळाडू शोधत फिरतोय! आहे ती टीम तरी एकत्र कधी होती?

२७ सप्टेंबर

सुपरवायझरांशी घसा बसेपर्यंत भांडलो. तोडगा निघाला — सगळे रात्रपाळीला. ती कोणालाच नको, म्हणून लगेच मिळाली. मुंबईकर नाही म्हणाला, गेला. त्याच्या जागी रात्रपाळीतलाच, पॅकिंगमधला, सुरंगी गावचा वाळू नावाचा पोरगा. बूट घातले की अडखळतो, पण धावतो काय!

भगवंतची बायको प्रमिला गेटवर ऐकवून गेली — "आता ह्यांचं तोंड रविवारीच पाहायचं का?"

१० ऑक्टोबर

एक-एक. हरलो नाही!

२४ ऑक्टोबर

जिंकलो! संजूने न बघताच पास टाकला आणि वाळू तिथे हजर. रोज संध्याकाळी सराव, मग डबे एकत्र, मग शेजारशेजारच्या मशीनवर. आता मैदानात एकमेकांवर ओरडतही नाहीत. मी इतके दिवस चांगला माणूस कुठे मिळेल एवढंच बघत होतो. कोण कोणाशेजारी उभा राहतो, हे बघायचं सुचलंच नाही. आज फार बरं वाटतंय. उगाचच दोनदा जेवलो.

२१ नोव्हेंबर

लीग संपली. चौथे! जोशीपुरांनी स्वतः पेढे वाटले. टीम वाचली. पोरांची नोकरी वाचली.

३ जानेवारी १९९४

मालाला उठाव नाही. आजपासून रात्रपाळी बंद, तिच्यातले सगळे कामावरून कमी. नोटीस मीच टाइप केली. जोशीपुरांना म्हटलं, साहेब, अहो ही आपली टीम! "टीम तो चालू छे," म्हणाले. "नवी उभी करा."

भगवंतला गेटवर गाठलं. तोच म्हणाला, "साहेब, वेगळाल्या पाळ्यांत असतो, तर चार जण तरी राहिलो असतो."