अर्धवट राहिलेलं भांडण

बेळ्ळंदूर, बेंगळुरू
दि. ६ जानेवारी २०२५

चि. मालोजीस अण्णाचे अ. आ.

पत्र बघून दचकू नकोस, मी जिवंत आहे. माझ्या हृदयात डॉक्टरांनी स्टेंट बसवला आणि माझा मोबाइल अजिंक्यने कपाटात कुलूपबंद केला. डॉक्टर म्हणाले होते, सहा आठवडे मनावर ताण नको. चिरंजीवांनी त्याचा अर्थ लावला की बापाला काही कळूच द्यायचं नाही. पेपर बंद, बातम्या बंद, मीठ तर गेलंच. मनगटावर एक घड्याळ बांधलंय. नाडी शंभरच्या वर गेली की ऑफिसात अजिंक्यचा फोन वाजतो, आणि तो आईला फोन करून विचारतो की बाबा का चिडले. माझा राग माझ्याआधी त्याला कळतो. परवा मी चिडलो नव्हतो, लिफ्ट बंद म्हणून जिना चढलो होतो. तरी तुझ्या वहिनीने मला श्वास मोजायला बसवलंच. संध्याकाळी फिरायला खाली सोडतात, तर गेटवरचा शिवकुमारसुद्धा स्वल्प निधान, सार, म्हणजे जरा सावकाश, असं म्हणत हात धरायला येतो. पत्रावर बंदी घालायचं मात्र अजून कुणाला सुचलेलं नाही.

तर आपलं भांडण. परसातल्या आडावर तुला झाकण घालायचंय आणि मला ते नकोय. त्या दिवशी फोनवर 'मी जिवंत असेपर्यंत' एवढं म्हणालो आणि छातीत कळ आली. वाक्य अर्धंच राहिलं. तुझं म्हणणं सविस्तर कळव, म्हणजे मला खोडता येईल.

माझा लोभ आहेच, तुझाही राहू दे. आत्ता नाडी ८२.
तुझा अण्णा


निपाणी
दि. १२ जानेवारी २०२५

ती. अण्णांच्या चरणी मालोजीचा सा. न. वि. वि.

आपलं पत्र पावलं, आनंद झाला. आडाबद्दल आपण म्हणता तेच बरोबर आहे. झाकण घालणार नाही, आपण निश्चिंत असावं. इकडे सर्व कुशल. खतांचं दुकान बरं चाललंय. नात आर्या आता घरभर दुडुदुडु पळते. थंडी बेताची आहे. वहिनी आणि अजिंक्य सांगतील तसं आपण वागावं आणि पूर्ण विश्रांती घ्यावी.

आपली कृपा आहे तशीच राहावी, एवढंच मागणं.
आपला आज्ञाधारक,
मालोजी


बेळ्ळंदूर
दि. १८ जानेवारी २०२५

चि. मालोजीस आशीर्वाद, पण रागाने.

हे पत्र कुणी लिहिलं? अक्षर तुझं आहे म्हणून विचारतो. साठ वर्षांत तू मला कधी आपण म्हणाला नाहीस. आणि आज्ञाधारक? माझी पाटी फोडून वर आईकडे माझीच चहाडी करणारा तू! झाकणाविरुद्ध मी चार मुद्दे तयार करून बसलो होतो. आता ते कुणापुढे मांडू, शिवकुमारपुढे?

इथं सगळेच मला हो म्हणतात. चाळीस वर्षांत मी आणलेल्या एकाही भाजीला धड बरं न म्हणणारी तुझी वहिनी परवा माझ्या किडक्या वांग्यांना छान म्हणाली. मालोजी, खरं सांगू? मला भीती वाटते. लोक एवढं गोड कुणाशी बोलतात, तर ज्याचे फार दिवस राहिलेले नाहीत त्याच्याशी. निदान तू तरी तसं करू नकोस.

उलटटपाली भांडण पाठव. लोभाचं नंतर बघू.
अण्णा


निपाणी
दि. २४ जानेवारी २०२५

ती. मोठ्या भाऊजींस सुनंदाचा शि. सा. न. वि. वि.

यांना न सांगता लिहिते आहे. तुमची कळ यांनी फोनवर ऐकली. भांडलो म्हणून अण्णाचं हृदय बंद पडलं, असं यांनी मनाशी धरलंय. म्हणून तुमच्या शब्दाबाहेर जात नाहीत. पण आडाचा कठडा पडलाय आणि आर्याला पाण्यात डोकवायचं वेड आहे. मंगळवारी मी तिला फ्रॉक धरून मागे ओढली. तेव्हापासून हे दुकान सोडून सकाळपासून आडाजवळ खुर्ची टाकून राखण करतात. जेवतातही तिथंच. मी म्हटलं, अहो, झाकण घाला, तर म्हणतात, अण्णाला नको आहे. माझ्या शब्दाचा उपयोग नाही, यांना तुमच्या तोंडचा होकार हवा. तुम्हाला त्रास देऊ नये हे कळतं, पण माझाही जीव थाऱ्यावर नाही.

चुकलं असेल तर पदरात घ्यावं.
सौ. सुनंदा


बेळ्ळंदूर
दि. २९ जानेवारी २०२५

गाढवा,

सुनंदाचं पत्र गेटवरच उभ्याने वाचलं. नाडी ११६. अजिंक्यचा फोन, तुझ्या वहिनीची धावपळ, सगळं झालं. या वेळी मी खरंच चिडलो होतो. पत्र तिच्या हातात दिलं. ती म्हणाली, श्वास नंतर मोजा, आधी त्यांना लिहा. आडावर फळ्या टाकायला तिने सुनंदाला तिथूनच फोन केला. तेव्हा फळ्या पडल्या असतील. हे पत्र निव्वळ तुला रागवायला आहे.

काल तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी माझ्या रक्तवाहिनीचं चित्र दाखवलं होतं. नव्वद टक्के बंद. त्यामागे तीस वर्षांच्या सिगारेटी आहेत, आणि रात्रपाळीतली तळलेली भजी. दहा मिनिटांच्या भांडणात एवढं साचत नाही. तुझ्या तोंडाला तेवढी ताकद नाही, उगाच मोठेपणा घेऊ नकोस. भांडलेलं चालेल का, हेही विचारलं. म्हणाले, बसून आणि हळू आवाजात. मनात कुढत बसणं त्याहून वाईट.

माझे चार मुद्दे खोटे होते. आई गेल्यावर त्या घरात माझं म्हणावं असं आडात बादली बुडाल्याचा तो आवाजच उरलाय, एवढंच कारण. पण त्यापायी लेकराचा जीव टांगणीला? मला कळू दिलं नाहीस याचा राग आहे, आणि तू इतके दिवस मनात हे बाळगलंस याचं वाईट वाटतं. लोखंडी जाळी बसव. सिमेंट नको.

राग आणि लोभ दोन्ही तुझ्यावरच.
अण्णा


निपाणी
दि. ४ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास सा. न.

जाळी गंजते. निपाणीच्या पावसात चार वर्षं टिकणार नाही. बेंगळुरूत दुसऱ्या मजल्यावर बसून तुला ते कसं कळणार? झाकण सिमेंटचंच, तयार आणून घातलंय. मधे बादली जाईल एवढी झडप ठेवली आहे आणि तिला कुलूप. ते तुझं ऐकून नव्हे, सुनंदाचं ऐकून. आर्या आता त्या झाकणावर बसून दूधभात खाते.

तुझं पत्र दुकानात उघडलं आणि गिऱ्हाइकांसमोर रडलो. तो दोषही तुझाच. त्या दिवशी कळ ऐकू आली आणि फोन बंद झाला. तेव्हापासून मी एकही रात्र धड झोपलो नव्हतो.

सहा आठवडे झाले की अजिंक्यकडून मोबाइल सोडवून घे आणि पहिला फोन मला कर. बसून कर. तू 'मी जिवंत असेपर्यंत' म्हणून थांबला होतास. पुढचं मला अजून ऐकायचंय.

तुझा,
मालोजी