दादाच्या पाळीतली थरथर

शनिवार, ८ फेब्रुवारी

नवं ग्राफिक्स कार्ड बसलं एकदाचं! दुकानदाराने समोरच चाचणी लावून दाखवली. धूर, धबधबे, उडणारे दगड, सगळं कसं न अडखळता सरकत होतं, आणि स्कोअर जुन्याच्या दुपटीहून जास्त. "आता विमान चालवा, ताई." नवऱ्याचं आपलं भलतंच: "चाळिशीत बायका दागिने घेतात." म्हटलं, दागिने घालून दादाबरोबर रेस खेळता येते का?

कारण तेच आहे. दादा तिकडे लांब, त्याचा दातांचा दवाखाना. माझं विम्याचं ऑफिस. फोनवर आमची गाडी "बरंय ना सगळं?"च्या पुढे जात नाही. पण रविवारी आम्ही आपापल्या टेबलाला खेळाचं स्टिअरिंग बसवून कॉम्प्युटरवर एकाच गाडीत बसतो. अर्धी रेस तो चालवतो, मी आतून बघते, मग अदलाबदल. तेवढ्यात काय काय बोलून होतं. हल्ली मात्र आम्ही शेवटून पहिले. परवा म्हणाला, "तुझं मशीन म्हातारं झालंय. असंच असेल तर बंदच करू." बंद करू म्हणे! म्हणून हे कार्ड.

रविवार, ९ फेब्रुवारी

गंडवलं मला दुकानदाराने.

माझी चालवायची पाळी झकास गेली. दादा चालवायला लागला आणि पडद्यावरचं स्टिअरिंग थरथरायला लागलं. पूर्वी सगळंच चित्र अडखळायचं, म्हणून हे कधी वेगळं दिसलं नाही. आता रस्ता शांत, झाडं शांत आणि एवढं एकच हलतंय. दादाला सांगितलं. मी वाक्य संपवायच्या आत म्हणाला, "कार्डातच खोट आहे. बदलून घे."

मंगळवार, ११ फेब्रुवारी

चाचणी पुन्हा लावली. स्कोअर तोच, अव्वल. ऑफिसात रोज असले दावे येतात माझ्याकडे. कागदावर सगळं चोख, आणि जाऊन बघावं तर गाडी कधी आपटलेलीच नसते. स्कोअरवर विश्वास ठेवायला मी काही कालची पोर नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दुकानात जाऊन भांडले. वापरलेलं कार्ड पुसून दिलंत का, तोंडावर विचारलं. त्याने खोका, सील, सगळं पुढ्यात ठेवलं. "ताई, चाचणीत होत नाही, दुसऱ्या गेममध्ये होत नाही, तुम्ही चालवता तेव्हा होत नाही. मग मी बदलून देऊ काय?" आगाऊ माणूस. मुद्दा बरोबर होता म्हणून जास्तच राग आला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

इंटरनेटवाल्यालाही झापून झालं.

आणखी एक. दादा आज भर दुपारी खेळात ऑनलाइन. बुधवारीही होता. "पेशंट नाहीत," म्हणतो. शनिवारी दातांच्या डॉक्टरकडे पेशंट नाहीत? कुठेतरी पाणी मुरतंय. मी नवऱ्याला म्हटलं, दादा माझ्या नकळत सराव करतोय, दुसरा जोडीदार शोधला असणार. "एवढा सराव करून शेवटून पहिले?" नवरा म्हणाला आणि पेपरात डोकं घातलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

आज दोन्ही पाळ्या रेकॉर्ड केल्या आणि शेजारी शेजारी लावून बघितल्या. मशीन तेच, कार्ड तेच, रस्ता तोच. सरळ रस्त्यावर माझं स्टिअरिंग जागचं हलत नाही. त्याचं थरथरतं. वळण आलं की जास्तच.

म्हणजे माझं कार्ड निर्दोष. दुकानदाराची माफी मागायला हवी, मागेन कधीतरी. खोट दादाच्या टोकाला आहे. त्याचं स्टिअरिंग टेबलावर ढिलं बसलं असणार. फोन केला. तो म्हणाला, "असेल. स्क्रू सैल झाला असेल." आणि मग, "आपण थांबू या आता. मला वेळ नसतो."

दिवसभर ऑनलाइन असतो आणि वेळ नसतो! सरळ सांग ना, बहिणीचा कंटाळा आलाय. खूप वाईट वाटलं. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

शनिवारी न सांगता जाते. पाना बरोबर घेते. बघते कसा थांबतो.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पाना पिशवीतच राहिला. स्टिअरिंग टेबलाला घट्ट बसलेलं. मी स्वतः एक फेरी मारली, जरासुद्धा हललं नाही. दादा मागे उभा होता, दोन्ही हात खिशात. वहिनीने चहा आणला. माझा कप काठोकाठ, त्याचा अर्धा, तोही त्याने दोन्ही हातांनी धरला. खाली दवाखान्याला कुलूप होतं. येताना मला वाटलं होतं, जेवायची सुट्टी असेल.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझं जुनं मशीन होतं तेव्हापासून," दादा म्हणाला.