न झडणारं फडकं

आई, मी तुझ्याच कंपनीत लागलेय. तळोज्याला, तिथेच, इंजेक्शनच्या सेक्शनला. बी.फार्म झालं आणि त्यांनी ट्रेनी म्हणून घेतलं. तू असतीस तर अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले असतेस, माहितीय मला. पण मी ते सांगायला लिहीत नाहीये. मला शिकवायला कोण आहे, माहितीय? तुझी ती नावडे गावची पोर. घरी आलीस की तू चहा पिता पिता तिच्याच गोष्टी सांगायचीस ना, तीच. आता ती पोर राहिली नाही, सुपरवायझर झालीय, चष्मा लागलाय. तू गेल्यापासून तुझ्या टेबलाशी तीच उभी असते.

पहिल्या दिवशी तिने एका काळ्या प्लेटवर साधं सुती फडकं फिरवलं आणि वरून लाइट मारला. बापरे! नुसते पांढरे तंतू, जणू मांजर लोळून गेलंय. मग पाकिटातून दुसरं फडकं काढलं. पॉलिस्टरचं, विणलेलं, आणि कडा गरम करून बंद केलेल्या, म्हणजे धागा सुटायला जागाच नाही. ते फिरवलं तर प्लेट काळीच्या काळी. मी तर वेडीच झाले, आई. इतकं साधं दिसणारं कापड आणि त्यात एवढं डोकं! ती म्हणाली, "एक तंतू बाटलीत पडला ना, तर कोनाच्या तरी नसेत जानार. पाकिटावर लिंट-फ्री लिवलाय, पन आमी याला न झडनारं फडकं म्हनतो. नाव तुझ्या आईनंच ठेवलेलं हाय." तिथेच माझा मूड गेला. नाव तू ठेवलंस, आणि मला ते कळतंय तिच्याकडून.

मग घडी. अर्धं, परत अर्धं. स्पिरिटने ओलं करायचं, पण गळेल एवढं नाही. पलीकडून आपल्याकडे, एकाच दिशेने, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवत. घडीची एक बाजू मळली की ती आत, नवीन बाजू बाहेर. व्हिडिओ बघून हे सगळं मला पाठ होतं, तरी हात आपोआप गोल फिरला. तिने पटकन माझं मनगट धरलं. "चकल्या पाडतेस काय गो? घान उचलायची हाय, फिरवायची नाय!" आणि मास्कच्या आत खुदकन हसली. "तुझी आई मना असंच बोलायची. हात तर असा धरायची, का सुटायची सोय नाय."

मला तू कधीच असं बोलली नाहीस. मी खांदेश्वरच्या आपल्या किचनमध्ये उभी आहे, शाळेचे सॉक्स पण काढलेले नाहीत, आणि तू ओटा पुसतेयस. जुन्या साडीच्या तुकड्याची घडी, भिंतीकडून स्वतःकडे, भिंतीकडून स्वतःकडे. मी हात पुढे करते. तू म्हणतेस, "राहू दे गं बाळा, तुला नाही हे करायचं. जा, स्पेलिंग कर." आणि मी जाते. तेव्हा वाटायचं, काय लाड आहेत माझे! आता वाटतं, तुझे हात तू तिला दिलेस आणि मला स्पेलिंग दिलंस. ती ट्रॉली पुसते तेव्हा मागून बघवत नाही, आई. खांदा तुझ्यासारखाच खाली जातो. टोपी-गाऊनमध्ये सगळ्या सारख्याच दिसतात, त्यामुळे तर एक सेकंद तूच असतेस. मग ती वळते.

काल कॅन्टीनमध्ये ती समोर येऊन बसली. म्हणाली, "खरं सांगू? मना तुझा लय राग यायचा. तुला कधी बगितली पन नव्हती. पन तुझ्या आईनं डबा उघडला का तुझंच पुरान सुरू. पोर अशी इंग्लिश बोलते, पोर तशी चित्रं काढते. मी दिवसभर शिव्या खायची आनि कौतुक कोनाचं? जी घरी बसलीय तिचं!"

यावर मी विरघळायला हवं होतं ना? मी मनात म्हटलं, बरं झालं. जळलीस ना, बरं झालं. पण लगेच वाटलं, मी काढलेल्या चित्रांबद्दल तू काय बोलायचीस ते पण हिलाच माहीत. मला तर तू फक्त "छान" म्हणायचीस.

उठताना तिने विचारलं, "तिचा एकादा फोटू हाय काय गो? माज्याकडं एक पन नाय. आत फोन न्यायला बंदी, काडनार कधी?" मी म्हटलं, "नाही हो ताई, जुन्या फोनबरोबर सगळे गेले."

सगळे आहेत, आई. घरी येऊन परत बघितले. एक तर इतका भारी आहे, तू ओट्याशी, हातात फडकं, वळून हसतेयस. तिचा नंबर उघडला, तो फोटो सिलेक्ट पण केला. मग बंद करून तुला हे लिहीत बसले.