सहाणेवरचा दगड

बोब्लिंगेन, जर्मनी, ऑक्टोबर २०१४

प्रिय कादंबरी,

बाबांची खोली रंगवून झाली, विमानतळावरून त्यांना थेट ठाण्यालाच नेणार, असं तू लिहिलंस. खोलीचा फोटो मी त्यांना दाखवला. त्यांनी तो पाहिला, चष्मा पुसला आणि केमनिट्झच्या झाडांबद्दल बोलायला लागले.

त्याचं असं झालं. तुझा मयुरेशदादा कामासाठी केमनिट्झला गेला होता, तिथल्या म्युझियममधून बोटाएवढा तपकिरी तुकडा घेऊन आला. मी तो देवघराशेजारी ठेवला. आई गेल्यापासून बाबांनी पूजेला हात लावला नव्हता, तुला माहीतच आहे. त्या रविवारी आपणहून बसले आणि चंदनाचं खोड समजून तो तुकडा सहाणेवर उगाळत राहिले. ना वास, ना गंध, सहाणेवर मात्र चांगले ओरखडे. मी म्हटलं, बाबा, ते दगड झालेलं लाकूड आहे. साताऱ्यात जन्मभर लाकडाची वखार चालवलेला माणूस, मला वाटलं आता चिडणार. तर तुकडा खिडकीशी नेऊन म्हणाले, अगं, यात वर्षांची वळी दिसतायत की. मग माझ्या मागेच लागले. कुजलं कसं नाही? वाळवी काय झोपली होती?

शेवटी गेलोच आम्ही. केवढाले बुंधे आहेत गं तिथे. तिथल्या बाई म्हणाल्या, ज्वालामुखीच्या राखेत झाडं एकदम गाडली गेली, हवा लागली नाही म्हणून कुजली नाहीत. मग गारगोटीतलं द्रव्य विरघळलेलं पाणी लाकडाच्या कणाकणात झिरपलं आणि ते द्रव्य तिथेच साठत गेलं. लाकूड गेलं, घडण तशीच राहिली. लाल रंग कशाने? लोखंडाने. बाई आपल्या गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, करतायत, मी भाषांतर करून दमलेय आणि बाबांचे प्रश्न काही संपेनात. परतताना ट्रेनमध्ये आईबद्दल बोलले, किती तरी महिन्यांनी. मला फार बरं वाटलं.

आता खरं सांगते. बाबांना ठाण्याला यायचं नाहीये. इथे राहा असं मीही म्हणून पाहिलं, तेही नको म्हणाले, आणि मला वाईट वाटलं. त्यांना साताऱ्याच्या घरीच राहायचंय, एकट्याने. तुला सांगायचा धीर होत नाही, म्हणून मला लिहायला लावलंय. मी विचारलं, जेवणाचं काय? तर तेव्हापासून रोज माझ्याकडे स्वयंपाक शिकतायत. जन्मात कधी चहा केला नाही, त्यांनी काल वरणभात केला. वरणात मीठ घालायचं विसरले. मयुरेशने तरीही दोनदा वाढून घेतलं.

तुझीच,
नीलिमा वहिनी