सरकारी सागावर दोन बाण

नागभीड,
गणपती उठल्यावर, सन २००३

श्री. घनश्यामराव यांस धनराजचा रामराम.

तुम्ही आणि रीता खुशाल असाल असे धरून चालतो. इकडे मी पत्र लिहिण्याइतपत बरा आहे. धान निसवते आहे. आईचे डोळे तसेच आहेत. म्हणजे उजवा गेल्यात जमा, आणि डाव्याने माणूस आला एवढे कळते, कोण आला ते आवाजावर. डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू पिकला, आता थांबू नका. आई म्हणते थांबीन. पट्टी सुटल्यावर पहिले तोंड लेकीचे, रीताचे दिसले पाहिजे, असा तिचा हट्ट आहे. (तुमची रजा आणि तिकडचा हरणांचा हंगाम दोन्ही नेमके दिवाळीच्या सुमारास येतात, म्हणून रीताला इतकी वर्षे येता आले नाही, हे मी तिला समजावून सांगितले. तिने विचारले, हरणं दिवाळीतच काऊन येतेत?)

आता तुमच्या कामाविषयी. तुमचे पत्र आणि नमुन्याचे दोन बाण तुमचे मित्र पोचते करून गेले. पत्र लांब होते आणि बहुतेक बाणांविषयी होते. प्रश्न मला समजला तो असा: एल्क नावाचे बैलाएवढे हरीण धनुष्याने मारायचे, तर बाण कार्बनचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा. कार्बन हलका, वेगाने जातो, वाकत नाही; पण हाडावर बसला तर चिरफळतो आणि त्याची कुसळे मांसात राहतात. ॲल्युमिनियम जड, खोल जातो. पण एकदा वाकला की वाकला. यावरून तुमच्या क्लबात दोन तट पडले. तेव्हा तुम्ही उभे राहून सांगितले की आपले घराणे दंडकारण्यातल्या पिढीजात तिरंदाजांचे आहे, आपण तिकडून निकाल मागवतो. (तुमच्या वडिलांनी, रामाजींनी, जन्मभर गावच्या तलावात मरळी धरल्या. आमच्याही घरी हत्यार म्हणजे जाळे. पण अमेरिकेतून पाहिले की मरळ आणि वाघ यांत फार फरक दिसत नसावा.)

आमच्याकडे जावयाने पाणी मागितले तर आधी तांब्या घासतात. नाही म्हणायची सोय नाही. मी कॉलेजात दोन दिवसांची रजा टाकली, बाण आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि आलापल्लीच्या बसमध्ये बसलो. आष्टीच्या पुढे पोलिसांनी बस थांबवली. नक्षल्यांच्या त्या भागात मराठीचा मास्तर लुगड्यात काहीतरी लांब घेऊन जाताना दिसला तर ते थांबवणारच. हवालदाराने लुगडे सोडले. हे काय हाय? मी म्हणालो, बाण. (खोटे सुचले नाही.) कोणाचे? जावयाचे. कुठी राह्यतेत? अमेरिकेत. मंग इथी काऊन पाठवले? मी कार्बन आणि ॲल्युमिनियमचा वाद थोडक्यात सांगितला. त्याने काळा बाण हातावर तोलला, चकाकता तोलला, आणि दोन्ही परत लुगड्यात ठेवले. मग सुस्कारा सोडून म्हणाला, “जा मास्तर. माह्या जवायानं मागच्या साली जित्ता मोर मागतला होता.”

आलापल्लीच्या पलीकडे सुकलू नावाचे म्हातारे राहतात. ते पूर्वीचे नावाजलेले शिकारी आहेत, असे ते स्वतः सांगतात. शिकारबंदीचा कायदा आल्यापासून त्यांनी धनुष्य उचललेले नाही. ते ओसरीत आडवे बांधले आहे आणि त्यावर नातवंडांचे कपडे वाळतात. मी तुमचा प्रश्न मांडला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि आपलेच विचारले. तुमचा जवाई एकटाच जाते का? मी म्हणालो, एकटेच. मंग मारल्यावर आणते कोण? गाडी. खाते कोण? दोघे, वर्षभर, फ्रिजमध्ये ठेवून. म्हाताऱ्यांनी हातातली विडी विझवली. मग म्हणाले, “एवढं मोठं जनावर न दोघंच जन. वाटणीवरून भांडाले बी कोणी नाई. बिचारा.” (हा शेवटचा शब्द जनावराविषयी होता की तुमच्याविषयी, हे मी विचारले नाही.)

नंतर त्यांनी बाण तपासले. ॲल्युमिनियमला इकडे जर्मन म्हणतात हे तुम्ही विसरला नसाल. त्यांनी तो दाताखाली धरून पाहिला आणि सांगितले की हा आपल्या भात शिजवायच्या गंजाच्याच जातीचा आहे, वाकला तर ठोकून सरळ होईल, कामाचा आहे. कार्बनचा बाण त्यांनी दोन बोटांत धरला आणि लगेच परत दिला. “याले तं जीवच नाई.” मग कपडे उतरवून धनुष्य खाली काढण्यात आले. त्याची दोरी म्हणजे बांबूची चपटी कांब. तुमच्या बाणांची शेपटाकडची खाच तिच्यावर बसेना. म्हाताऱ्यांनी सुरी घेतली आणि दोन्ही खाचा कोरून ऐसपैस केल्या. तुमच्या क्लबाचे निम्मे शास्त्र तिथेच संपले असावे.

नेम धरायला अंगणाच्या टोकाला धानाच्या तणसाचा भारा ठेवला. भाऱ्याच्या मागे कुंपण होते आणि कुंपणामागे वनखात्याचा लाकडांचा डेपो. हे आम्हा दोघांनाही दिसत होते. फक्त म्हाताऱ्यांना खात्री होती की नेम चुकणार नाही, आणि मला त्यांच्या खात्रीची खात्री होती. जर्मन बाण भाऱ्यावरून हातभर उंच गेला आणि दिसेनासा झाला. मी धावायला निघालो. त्यांनी मला थांबवले. म्हणाले, “रहा ना. पह्यला कुठी गेला ते पाह्याले दुसरा सोडतो.” आणि सोडला.

दुसरा पहिल्याकडेच गेला. दोघेही सागाच्या एकाच खोडात, वीतभर अंतरावर, साल फोडून सारखेच रुतले होते. तुम्हाला हवा असलेला निकाल एवढाच: मोठ्या जनावराविषयी सांगता येत नाही, सागाला दोन्ही सारखे.

वनरक्षक आले. खोडावर घणाने ठोकलेला सरकारी शिक्का होता. त्यातल्या एकाने मला सहानुभूतीने सांगितले की जनावर असतं तं बरं होतं, कलम तयार हाय, लाकडावर बाण मारलेला त्यानं बी पह्यल्यांदाच पाह्यला. रेंजरसाहेबांपुढे पेच पडला. बाण उपटले तर पुरावा जातो, ठेवले तर खोडाचा लिलाव होत नाही. सुकलू म्हाताऱ्यांनी हात वर केले. धनुष्य माहं हाय, बाण माहे नोहे. म्हणजे बाणांचा मालक हवा. तो जातीने हजर झाल्याशिवाय प्रकरण मिटणार नाही, आणि मिटले नाही तर ते माझ्या नोकरीवर येईल, कारण खोडाजवळ सापडलो मी. बाण ज्या घरातून निघाले त्या घराच्या मालकिणीची साक्षही लागते, म्हणून रीताही हवी. तारीख पडली आहे ती भाऊबीजेच्या आदल्या दिवसाची. (त्या दिवशी पाडवा असतो आणि कचेरी बंद असते, हे साहेबांच्या लक्षात आले नसावे.)

तेव्हा यंदा हंगाम सोडावा आणि उभयतांनी यावे. अधिक काय लिहू? तुमचे एल्क एक वर्ष थांबतील. ते तरुण आहेत.

तुमचा,
धनराज

ता. क. – खटला खरा नाही. बाण खोडात रुतले एवढे खरे. रेंजरसाहेबांनी ते पकडीने उपटले, चहा पाजला आणि असली पाहुणी हत्यारे पुन्हा आणू नका म्हणाले. हे मी सहीच्या वरच लिहिणार होतो. पण ‘आईसाठी या’ असे रीता तुम्हाला सांगून थकली आहे, मीही लिहून पाहिले आहे. खटला लिहून पाहिला नव्हता.

आणखी – क्लबाला कळवावे की दंडकारण्यात या प्रश्नावर अजून एकमत झालेले नाही. तोवर आवडेल तो बाण घ्या.

आणखी एक – हे पत्र मी आईला सहीपर्यंत वाचून दाखवले. ती घाबरेल असे वाटले होते. तिने एवढेच विचारले, “सरकारचं बोलावणं हाय म्हणजे यावाच लागन ना त्याईले?” मी हो म्हणालो. तेव्हापासून जो भेटेल त्याला ती सांगते आहे की जवायावर केस झाली. इतक्या आनंदाने आमच्या आळीत कोणी केस सांगितलेली नाही. काल तिने स्वतःच दवाखान्यात चाल म्हणून मला उठवले आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचे ऑपरेशन ठरवून आली. ता. क. मी तिला वाचून दाखवलेले नाही. वाचायचे की नाही, ते तुम्ही कळवा.