इस्त्रीच्या चित्राचा पुसलेला कोपरा

मी, इस्त्रीवाल्यांची थोरली मुलगी, वय चोवीस, घरातील पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि डोके पूर्ण ठिकाणावर असताना लिहीत आहे. परवा माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. आई म्हणते, "असलं अभद्र लिहू नकोस गं." यात अभद्र काही नाही. वस्तू माझ्या आहेत, त्यांचे काय व्हावे हे मी ठरवणार. मी नसताना काका ठरवतील, ते मला मान्य नाही.

कलम १. बँकेतील माझी शिल्लक धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी आहे. लग्नासाठी नाही. काका "दोन्ही एकच" म्हणाले तर त्यांना हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. त्यांना ऐकू आले नाही तर पुन्हा वाचावे.

कलम २. पेस्टलच्या खडूंची पेटीही धाकटीलाच. तुटलेले तुकडे तिने फेकू नयेत. बारीक कडा त्यांनीच निघतात.

कलम ३. माझे पदवीचे प्रमाणपत्र बाबांकडे राहावे. त्यांनी ते दुकानात टांगले आहे आणि गिऱ्हाइकाने वर पाहिले नाही तर ते स्वतः वाचून दाखवतात. त्यांना कोणी अडवू नये.

कलम ४. पेस्टलमधले वस्तुचित्र. यात आईची इस्त्री, पाणी शिंपडायची बाटली, तिचा चष्मा आणि घडी घातलेला पांढरा शर्ट आहे. कॉलेजातले सर म्हणाले होते, "फळं काढ, फुलं काढ. इस्त्री हा काय विषय आहे?" मी म्हटले, "सर, माझी फी फुलांनी नाही भरली." काका म्हणाले, "एवढं शिकून इस्त्रीच काढलीस? ती तर घरात आहे की!" दोघांनाही माझे उत्तर हे चित्रच आहे.

पेस्टल म्हणजे कागदाला धरून राहिलेली रंगाची भुकटी. वरून चिकट द्रावणाचा फवारा मारला की ती पक्की होते, पण रंग काळवंडतात, म्हणून मी मारत नाही. कॉलेजच्या प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आईने चित्र पाहिले आणि तिला वाटले, वर धूळ बसली आहे. "माझ्या इस्त्रीवर धूळ? लोक काय म्हणतील?" असे म्हणत तिने ओले फडके घेतले आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. शर्टाची एक बाही गेली. फडक्याला रंग लागलेला दिसला तेव्हा ती थांबली.

सर म्हणाले, तासाभरात बाही पुन्हा रंगव. मी रंगवली नाही. चित्र तसेच लावले. बक्षीस मिळाले नाही. तरीही ते माझे सर्वांत चांगले चित्र आहे. जन्मभर परक्यांच्या कपड्यांवर एकही डाग राहू न देणाऱ्या हाताचा तो फराटा आहे. तो मला काढता आला नसता.

त्या दिवसापासून आई माझ्या खोलीत पाऊल टाकत नाही. चहासुद्धा उंबऱ्यावर ठेवते.

हे चित्र मी आईला देत आहे. पुसलेला कोपरा कोणीही दुरुस्त करू नये. काकांनी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाशी बोलून ठेवले आहे, हे मला माहीत आहे. त्याला घरात घेऊ नये.

कलम ५. वर लिहिल्याखेरीज जे काही उरेल ते बाबांचे.

कलम ६. हे कलम आई, बाबा आणि साक्षीदार समोर बसलेले असताना जोडत आहे. शेजारच्या वकीलबाईंनी समजावले की, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये. सही केली की त्याचा वाटा जातो. ते ऐकताच आईने माझ्या हातातले पेन ओढून घेतले.

"मग मीच करते साक्षीदाराची सही. मी बिघडवलेलं चित्र मला नको."

"आई, मग ते बाबांकडे जाईल."

"जाऊ दे की. ते काय परके आहेत?"

"बाबा काकांना कधी नाही म्हणालेत का?"

बाबांनी छताकडे पाहिले.

"म्हणजे भाऊजी त्या पाटीवाल्याला बोलावणार?" आई म्हणाली.

"बोलावणारच."

"आणि तो माझ्या शर्टाची बाही पुन्हा रंगवणार?"

"हो."

आईने पेन माझ्यावर रोखले. मग म्हणाली, "त्या मेल्याला बाहीची घडी कुठे घालतात ते तरी माहीत आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

आईने पेन टेबलावर ठेवले. तिने सही केलेली नाही. सबब, कलम ४ कायम आहे.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि आईच्या हरकतीसह मला मान्य आहे.

ठिकाण: आमचे दुकान, इस्त्रीचे टेबल
तारीख: शस्त्रक्रियेआधीचा शनिवार

(सही) थोरली

साक्षीदार:
१. (सही) शेजारच्या वकीलबाई
२. (सही) कोपऱ्यावरचे फ्रेमवाले