फेसाच्या पन्नास वड्या

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.
नवी वही. नवं पेन. नवा मी.
हिचा पन्नासावा वाढदिवस ३० तारखेला, रविवारी. संकल्प: पन्नास बबल बाथ बार, घरी, माझ्या स्वतःच्या हातांनी. साबणासारखी वडी असते. टबात टाकली की फेसाचा डोंगर. ही त्यात राणीसारखी बसणार.
दुसरा संकल्प: येत्या रविवारी टब रिकामा करणे.
ही लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलापाशी दिवसाचे आठ तास उभी असते. संध्याकाळी घोटे टम्म. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास गरम पाण्यात बसा. आता नुसतं गरम पाणी काय, कुणीही देईल. मी फेस देणार.
टबात सध्या थोडंसं सामान आहे. मशरूमचे ट्रे, मेणबत्त्यांचे साचे, माशांची टाकी, किरकोळ खोकी. ही म्हणाली, आधी टब करा, मग काय ते फेसबिस. मी म्हणालो, आधी माल, मग गोदाम. तीस वर्षं फरशीच्या कंपनीत स्टोअरकीपर होतो. मला शिकवू नये.

४ मार्च, मंगळवार. दुपारी.
सामान आणलं. सोडा, कॉर्नफ्लोअर, ग्लिसरीन, लिंबाचा वास, पिवळा रंग आणि फेसाची पावडर. दुकानातल्या बाई म्हणाल्या, पावडर हलकी आहे, तोंडाला फडकं बांधा. मी हसलो. तीस वर्षं फरशीची धूळ खाल्लीय म्हटलं. त्यांनी एक छापील कागदही दिला, कृतीचा. फ्रिजला लावून टाकला. मी कागद वाचत नाही. मालाला हात लावला की मला कळतं.

४ मार्च. सायं. ५.
अठरा शिंका. एकोणिसाव्या शिंकेला अर्धी पावडर ओट्यावर, मांडणीवर, कपबशांवर. ही आली, कप विसळायला घेतला, तर कपाचा फेस थांबेचना. पाच वेळा विसळला. कपाळावर हात मारून फ्रिजपाशी जाऊन उभी राहिली, कागद वाचत.
नोंद: पावडरीचा दर्जा उत्तम.

६ मार्च, गुरुवार.
पहिला घाणा. सामानात नुसता लिंबाचा वास होता. मी खऱ्या लिंबाचा रस पिळला. सुधारणा करणारा माणूस मी. गोळ्याने फुस्स केलं आणि फुगायला लागला. पातेल्याबाहेर आला. ओट्यावरून खाली उतरला. मी त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं, तर बोटांमधून आला.
ही साडेआठला आली. एरवी सातला येते. केस ओले. बाहेर पाऊस आहे का विचारलं. म्हणाली, लाँड्रीत वाफ असते.
बरोबर. वाफ.

९ मार्च, रविवार.
आज टब.
सकाळी १०. पण आधी दुसरा घाणा (लिंबू वजा). अकरा वड्या पडल्या. पिवळ्या, गोल, देखण्या. दोन दिवस वाळायला सपाट, निवांत जागा हवी. घरभर फिरलो. एकच सापडली: टबावर आडवी फळी.
म्हणजे आता टब रिकामा करता येत नाही. तांत्रिक कारण. हिला समजावून सांगितलं. ही मान डोलावून ओट्याकडे वळली. समजूतदार आहे.
जाता जाता कपाटाची मोजणी केली. चादरी बारा, टॉवेल सात. निळा अजून बेपत्ता. जुलैतच हरवला म्हणून साठ्यातून वजा केला होता.

११ मार्च, मंगळवार.
वड्या वाळत नाहीत. उलट सकाळपेक्षा ओल्या वाटतात.
साडू आला होता. हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, लिफ्टची दुरुस्ती करतो. हात धुवायला बाथरूममध्ये गेला आणि आतून हसण्याचा आवाज. म्हणाला, दादा, वड्या बाथरूममध्ये वाळत घातल्यात? शॉवरच्या शेजारी?
जळतो. त्याच्या घरी टब आहे, पांढरा, मोकळा. पण करणारा हात लागतो, तो कुठे आहे?

१३ मार्च, गुरुवार.
हिच्या हेअर ड्रायरने वड्या वाळवल्या. सहा वाळल्या, दोन उडाल्या, ड्रायर गेला. सहातल्याही तीन काढताना मोडल्या. मोडका माल मी ठेवत नाही. एका डब्यात टाकला, बाहेर ‘बाद’ अशी चिठ्ठी.
ही पुन्हा साडेआठला. पुन्हा केस ओले. आणि गुणगुणत होती! माझ्यासमोर ही शेवटची कधी गुणगुणली, आठवत नाही. जवळून गेली तेव्हा वास आला. लॅव्हेंडर.
आमच्या घरात लॅव्हेंडर नाही. मी लिंबू करतो.
ड्रायर गेल्याचं सांगितलं. म्हणाली, असू दे. चक्क असू दे म्हणाली! काहीतरी शिजतंय.

१५ मार्च, शनिवार.
चाचणी. टब अडलेला, म्हणून बादलीत. पाणी भरलं, ते स्थिर होऊ दिलं, अखंड वडी अलगद सोडली. बुडाली. तळाशी जाऊन बसली. चाळीस मिनिटं मी स्टूल घेऊन बसलो. ती खाली, मी वर. एक बुडबुडा नाही.
निष्कर्ष: बादलीचा दोष. टबासाठी केलेला माल बादलीत मन लावून काम करत नाही.
एक वडी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका बाईंना दिली. त्यांनी ती साबण समजून अंगाला घासली. आता जिन्यात भेटल्या की खाजवतात आणि बोलत नाहीत. भलं करायला जावं तर हे असं.

१६ मार्च, रविवार.
पाठ धरली. टब पुढच्या रविवारी. नक्की.

२० मार्च, गुरुवार.
अखंड वड्या: एकोणीस. पत्र्याच्या डब्यात, एकेक कागदात गुंडाळून. बादचा डबा मात्र शिगोशीग.
सकाळी ही म्हणाली, तो मोडका चुरा द्या, जाता जाता टाकते. किती गोड वाटलं. मदत करतेय बिचारी. दिला. मग सवयीने खाली जाऊन कचऱ्याचा डबा बघितला. चुरा नाही. कोपऱ्यावरचाही बघितला. नाही.
रात्री पावणेनऊला आली. ओले केस. लॅव्हेंडर नाही आज.
लिंबू.
माझं लिंबू! माझा माल, हिच्या केसांत, आणि माझ्या घरात एक बुडबुडा नाही. कुठे जाते ही? कुणाकडे? जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

२३ मार्च, रविवार.
टब नाही. मनात संशय असताना हात उचलत नाहीत.
साडूला फोन केला. आडून आडून विचारलं, पुरुषासारखं पुरुषाला, की एखाद्याची बायको दर गुरुवारी ओल्या केसांनी घरी आली तर त्याचा अर्थ काय धरायचा. तो म्हणाला, दादा, तुम्ही तिलाच विचारा ना. आणि घाईघाईने फोन ठेवला.
त्याला माहीत आहे! सगळ्यांना माहीत आहे. मी एकटा मूर्ख, ग्लिसरीन मळतोय.

२७ मार्च, गुरुवार. सायं. ५.
पाळतीवर निघतोय. टोपी घातली आहे.

२७ मार्च. रात्री ९. (अक्षर खराब.)
लिहितो. सगळं लिहितो.
ही लाँड्रीतून सहाला निघाली. उजवा पाय टाकताना जरा थांबते, मग डावा. हे मी याआधी बघितलं नव्हतं. घरात ही बसलेली तरी असते नाहीतर ओट्यापाशी. बस घेतली, मी मागच्या दाराने चढलो. तिसऱ्या थांब्यावर उतरली. मीही. ओळखीचा रस्ता. ओळखीची बिल्डिंग. साडूची!
जिना चढून गेलो तर साडू दाराबाहेर पायरीवर बसलेला, मांडीवर पेपर. मला बघून पेपर खाली ठेवला. मी म्हणालो, कुठे आहे ती? म्हणाला, आत, टबात. मी म्हणालो, आणि तू? म्हणाला, मी बाहेर, दिसतोय ना. मोठ्या ताई टबात असल्या की मला घरात थांबू देत नाहीत, म्हणे निवांतपणा जातो. आठ महिने दर गुरुवारी पेपर इथेच वाचतो, दादा. पाठ मोडली माझी.
आठ महिने! जुलैपासून.
मेहुणीने दार उघडलं. भाऊजी, टोपी कशाला, म्हणाली. बाथरूमचं दार बंद होतं. दाराखालून फेस आला होता. बाहेर. पॅसेजमध्ये. पांढराशुभ्र, घोट्याएवढा, लिंबाचा. माझा.
मेहुणी म्हणाली, तुमच्या चुऱ्याची कमाल आहे बरं का. कागदावर लिहिलंच होतं ना: वाहत्या नळाखाली वडी हाताने कुस्करायची. अख्खी टाकली तर ढिम्म हलत नाही. ताईने पहिल्याच दिवशी वाचलं होतं.
पहिल्याच दिवशी! आणि मी चाळीस मिनिटं स्टुलावर.
आणि मग मी ते बघितलं. बाथरूमच्या दाराशेजारी तीन हुक. साडूचा टॉवेल, मेहुणीचा टॉवेल आणि तिसऱ्यावर निळा. आमचा निळा. मी वजा केलेला. त्याला तिथे स्वतःचा हुक आहे.
केसाने गळा कापला माझा. सगळ्यांनी मिळून.
मी हिला हाक न मारता निघालो. बसमध्ये टोपी राहिली.

२८ मार्च, शुक्रवार.
बोललो. स्पष्ट बोललो. म्हणालो, आठ महिने माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस, घरातला टॉवेल परस्पर बाहेर दिलास, माझा बाद माल बाहेर नेलास, आणि वर ‘वाफ’ म्हणालीस. ही भांडी पुसत होती. पुसून झाली. मग म्हणाली, तुम्हाला जूनमध्ये सांगितलं होतं, बहिणीकडे जाऊ का आंघोळीला. तुम्ही हं म्हणालात. तेव्हा तुम्ही मेणबत्त्यांत होतात.
मी म्हणालो, हं म्हणजे हो नव्हे.
ती म्हणाली, टब कधी रिकामा होणार?
विषय बदलते. मी फळीवरून वड्या उतरवायला गेलो, रागाच्या भरात नीट उतरवता आल्या नाहीत. तरी अखंड चौतीस.

२९ मार्च, शनिवार.
ही बहिणीकडे गेली. छोटी बॅग. वाढदिवस तिकडेच करते म्हणाली, उद्या संध्याकाळी येईन. दारात थांबून मागे बघितलं. मला वाटलं, काहीतरी बोलेल. म्हणाली, दूध तापवून ठेवा, नासेल.
माझ्या पन्नास वड्यांचं काय, कुणी विचारलं नाही. घरात मी आणि चौतीस वड्या. इतका एकटा मी मशरूम सडले तेव्हासुद्धा नव्हतो.

३० मार्च, रविवार. सकाळी ९.
ठरलं. टब रिकामा करणार, चकचकीत घासणार. ही येऊन बघेल आणि ओशाळेल. हा माझा सूड.

३० मार्च. दुपारी १.
वरचा थर काढला. मशरूमचे ट्रे. त्यांच्याखाली साचे. खाली माशांची टाकी, तिच्या नळीत टबाचंच बूच कोंबलेलं. तीन वर्षं हे बूच मी शोधत होतो, आणि चोरलं म्हणून प्लंबरवर आळ घेतला होता. बिचारा.
तळाशी खोकं. खोक्यात जुन्या रोजनिशा.
मेणबत्त्यांच्या वर्षाची उघडली. पहिलं पान: येत्या रविवारी टब रिकामा करणे. हिचे पाय.
माशांच्या वर्षाची: येत्या रविवारी टब, नक्की. हिचे पाय सुजतात.
मशरूमची. सगळ्यात जुनी. त्यात पूर्ण वाक्य होतं. आज ही रडली, म्हणाली, दुसरं काही नको, अर्धा तास गरम पाण्यात बसायला मिळू दे. मी तिला शब्द दिला आहे.
टबाच्या कडेवर बराच वेळ बसलो. या बाईला कुणीतरी चार वर्षं फसवतंय. अक्षर माझं आहे.

३० मार्च. सायं. ४.
तीन वेळा घासला. बूच बसतं. गरम पाणी येतं. कृतीचा कागद फ्रिजवरून काढून पूर्ण वाचला. मागच्या बाजूलाही मजकूर होता. सगळ्यात देखण्या चार वड्या निवडून वाडग्यात घेतल्या. ही आली की तिच्यासमोर, वाहत्या नळाखाली, मी स्वतः कुस्करणार. फेस छताला लावीन. मग बोलू.

३० मार्च. सायं. ६:४०.
ही आली. चप्पल काढली, बाथरूमचा दिवा लागलेला बघून आत गेली. उभी राहिली. टबाच्या तळावरून हात फिरवला, आधी एकदा, मग पुन्हा. मला म्हणायचं होतं, चुकलो. मी म्हणालो, बूच सापडलं.
बॅगेतून निळा टॉवेल काढला, हुकावर टांगला. दार लावलं. कडी घातली. नळ सुटला.
मी बाहेर वाडगा घेऊन उभा. दारातून म्हणालो, अगं, वड्या! नळाखाली कुस्करायच्या असतात! आतून म्हणाली, आज फेस नको हो. नुसतं गरम पाणी.

३० मार्च. रात्री ८:१०.
अजून आत आहे. गुणगुणते आहे.
टॉवेल: आठ. अखंड वड्या: चौतीस, सगळ्या शिल्लक.
मला तासाभरापासून बाथरूमला जायचं आहे. दार वाजवलेलं नाही.